चित्र जागेवर का नव्हते?

प्रश्न : मुलगी बॉस्टनला शिकते. तिच्याकडे गेलो असताना हार्वर्ड विद्यापीठाचे कलासंग्रहालय आवर्जून पाहिले. मला तिथली भारतीय लघुचित्रे बघायची होती, पण पुस्तकात पाहिलेले नेमके चित्र भिंतीवर नव्हते. चौकशी केली तेव्हा ‘सध्या मांडलेले नाही’ एवढेच कळले. प्रदर्शने तिथे दर काही महिन्यांनी बदलतात, जोडीला व्याख्याने आणि कार्यशाळा चालू असतात. एवढा मोठा संग्रह असताना उत्तम चित्रे कायमची लावून का ठेवत नाहीत? आणि हे सगळे विद्यार्थ्यांसाठी असेल, तर आमच्यासारख्यांनी तिथे जाऊन काय करायचे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्या लांब जाऊन मनातले चित्र दिसले नाही, की रुखरुख लागतेच. पण ते भिंतीवर नव्हते, म्हणजे तुमच्या आवाक्याबाहेर होते असे नाही. चांगल्या विद्यापीठीय संग्रहालयात कोठारातली वस्तूही बघायला मिळते, फक्त ती मागावी लागते. कशी, ते पुढे सांगतो. आधी चित्रे उतरवतात का, ते पाहू.

पहिले कारण उजेड. कागदावरच्या चित्राला उजेड बाधतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही. आज थोडे, उद्या थोडे असे ते साचत जाते. लाखेपासून केलेला लाल किंवा नीळ असे वनस्पती-प्राण्यांपासून मिळणारे रंग लवकर फिके पडतात, खनिज रंग त्या मानाने टिकाऊ. म्हणून कागदावरच्या कामांसाठी जगभरची संग्रहालये साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच प्रकाश ठेवतात. भर उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. एवढ्या मंद प्रकाशातही चित्र काही महिनेच ठेवायचे आणि मग दीर्घकाळ अंधारात विसावू द्यायचे, असा शिरस्ता आहे. आपण पैठणी सणालाच काढतो आणि पुन्हा मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवतो, त्यामागचा विचार हाच.

हा धडा हार्वर्डला मोठी किंमत मोजून मिळाला. मार्क रॉथ्को या विख्यात अमेरिकन चित्रकाराने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठासाठी भिंतभर मोठी चित्रे रंगवली. १९६४ मध्ये त्यांतली पाच विद्यापीठाच्या होल्योक सेंटर या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात लावली गेली. कक्षाला मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि ऊन थेट आत येई. रॉथ्कोने वापरलेल्या रंगांत लिथॉल रेड नावाचा एक लाल रंग होता आणि तो उजेडात अजिबात टिकत नाही. गडद किरमिजी पृष्ठभाग विटत विटत काही ठिकाणी फिकट निळसर झाला. १९७९ पर्यंत चित्रे उतरवून अंधाऱ्या कोठारात न्यावी लागली.

त्यांवर पुन्हा रंग चढवणे शक्य नव्हते. रॉथ्कोने वार्निश दिलेले नव्हते. नवा रंग मूळ रंगात कायमचा मिसळला असता आणि मग चित्र रॉथ्कोचे राहिले नसते. यावर तिथल्या जतनतज्ज्ञांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या (एमआयटी) संशोधकांच्या मदतीने वेगळी वाट काढली. १९६४ च्या सुमाराची रंगीत छायाचित्रे आणि भिंतीवर कधी न लागलेले सहावे चित्र यांच्या आधाराने मूळ रंग ठरवले. मग चित्राच्या प्रत्येक ठिपक्यावर नेमका किती आणि कोणत्या रंगाचा प्रकाश पाडला म्हणजे उडालेला रंग भरून निघाल्यासारखा दिसेल, याचे गणित मांडले. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी नव्याने घडवलेली इमारत उघडली, तेव्हा हीच चित्रे प्रोजेक्टरच्या प्रकाशात मांडली होती. कॅनव्हासला कोणी हातही लावला नव्हता. रोज दुपारी चारच्या सुमारास प्रोजेक्टर बंद करत. समोरचा किरमिजी रंग ओसरून विटलेला पृष्ठभाग उघडा पडे, आणि मूळ रंग, झालेले नुकसान व त्यावरचा उपाय हे तिन्ही एकाच जागी उभे राहून बघता येई. रसायन, गणित, कलेचा इतिहास आणि ‘मूळ कलाकृती म्हणजे नेमके काय’ हा प्रश्न, सगळे एका दालनात आले होते. असे प्रदर्शन विद्यापीठाच्या संग्रहालयातच उभे राहू शकते.

दुसरे कारण याच्याशीच जोडलेले आहे. हे संग्रहालय मुळात अध्यापनासाठी उभे राहिले. फॉग, बुश-राइसिंगर आणि आर्थर एम. सॅकलर अशी तीन संग्रहालये आज तिथे एका छपराखाली आहेत. त्यांतले फॉग १८९५ मधले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॉल सॅक्स या प्राध्यापकांनी तिथे संग्रहालय चालवण्याचाच अभ्यासक्रम घेतला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे पहिले संचालक आल्फ्रेड बार हे त्यांचेच विद्यार्थी. त्याच काळात संचालक एडवर्ड फोर्ब्स यांनी जगभरातून रंगद्रव्ये जमवायला सुरुवात केली, कारण चित्र खरे की बनावट, हे ठरवायचे तर रंग ओळखता आला पाहिजे. आज त्या संग्रहात अडीच हजारांहून जास्त नमुने आहेत. काचेच्या कपाटांत रंगक्रमाने लावलेल्या त्या बरण्यांमध्ये इंडियन यलो हा आपल्याकडचा रंगही आहे. बिहारमध्ये मुंगेरजवळ आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून हा पिवळा रंग करतात, असे त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवले होते.

संग्रहात सुमारे अडीच लाख वस्तू आहेत, दालनांत एका वेळी त्यांतला लहानसा भागच मावतो. काही दालने तर थेट अभ्यासक्रमांना दिलेली असतात. सत्र सुरू झाले, की प्राध्यापक आपल्या विषयाला लागणारी चित्रे निवडतात. सत्र संपले, की ती उतरतात आणि दुसऱ्या विषयाची लागतात. म्हणजे दर काही महिन्यांनी प्रदर्शने बदलतात असे जे तुम्हाला दिसले, ते पुष्कळ अंशी विद्यापीठाचे वेळापत्रकच असते.

विद्यार्थी तिथे करतात काय, याचा एक नमुना देतो. हार्वर्डच्या कला-इतिहासाच्या प्राध्यापिका जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकच चित्र सलग तीन तास बघायला लावतात. पुस्तके उघडायची ती त्यानंतर. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातले, जॉन सिंगलटन कॉप्ली याने १७६५ मध्ये काढलेले, पाळीव उडत्या खारीसोबतच्या मुलाचे चित्र त्यांनी स्वतः असे पाहिले. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांची कड सारखी आहे, हे लक्षात यायला त्यांना नऊ मिनिटे लागली. मागच्या पडद्याच्या चुण्यांमध्ये त्याच मुलाच्या कानाचे आणि डोळ्याचे आकार आले आहेत, हे दिसायला पाऊण तास गेला. डोळ्यांसमोर असलेली गोष्टही दिसायला वेळ द्यावा लागतो, हे त्यांना शिकवायचे असते. ही शिकवण तुम्हा-आम्हालाही तितकीच लागू आहे.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. विद्यापीठाचे संग्रहालय अडचणीचे प्रश्न विचारू शकते, आणि त्यासाठी मांडणी बदलती ठेवावी लागते. २०२३ च्या शरदातले तिथले एक प्रदर्शन अफूचा व्यापार आणि चिनी कलावस्तूंचा बाजार यांच्या संबंधावर होते. चीनमध्ये अफू विकून मॅसॅच्युसेट्सचे व्यापारी गब्बर झाले, चीन दुबळा होत गेला आणि पुढे तिथल्या लेण्यांमधली शिल्पे फोडून परदेशी संग्रहांत गेली. त्यांतल्या काही वस्तू हार्वर्डच्याच मालकीच्या आहेत आणि संग्रहालयाने त्याच मांडून त्या आपल्याकडे कशा आल्या, हा प्रश्न लोकांपुढे ठेवला. अमेरिकेत आज वेदनाशामक औषधांच्या व्यसनाने जे थैमान घातले आहे, त्याच्याशीही विषय जोडला.

या कहाणीत मुंबईही आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारात सर जमशेटजी जीजीभॉय यांनी अमाप संपत्ती मिळवली. त्यांच्याच देणगीतून १८५७ मध्ये सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांच्या पिढ्या तिथे घडल्या आणि त्याबद्दल आपण ऋणी आहोतच. पण कलेमागचा पैसा कुठून आला, हे मोकळेपणाने मांडणारे प्रदर्शन आपल्याकडेही व्हायला हवे. त्याने जे. जे. चे मोठेपण तसूभरही कमी होणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बाहेरच्या माणसाने तिथे काय करायचे? पुष्कळ करता येते. जून २०२३ पासून या संग्रहालयाला प्रवेश सर्वांना मोफत आहे. व्याख्याने आणि दालनांमधली चर्चासत्रे बहुतेक खुली असतात. विद्यार्थी-मार्गदर्शक स्वतः निवडलेल्या आणि अभ्यासलेल्या मोजक्या वस्तू दाखवतात. त्यांच्याबरोबर फिरताना मनातला प्रश्न बेधडक विचारावा, त्यांनाही तो हवाच असतो. कार्यशाळांमध्ये शाई, छपाई, रंग असे साहित्य हाताळायला मिळते. आणि मुख्य म्हणजे तिथे एक अभ्यासिका आहे. संग्रहाच्या सूचीतून हवे ते चित्र निवडायचे, आगाऊ वेळ मागायची. चित्र बाहेर काढण्याजोगे असेल, तर ते तुमच्यापुढे टेबलावर येते. काच मध्ये नसते, गर्दी नसते. टिपणे शिसपेन्सिलीनेच घ्यायची, शाईचे पेन आत चालत नाही. लघुचित्र मुळात हातात धरून जवळून बघण्यासाठीच काढलेले असते. म्हणून ते भिंतीवर बघण्यापेक्षा असे बघणे केव्हाही चांगले. पुढच्या खेपेला निघण्याच्या बऱ्याच आधी वेळ मागून ठेवा.

तोपर्यंत इथेही बघण्यासारखे आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाचे आणि मराठा इतिहासाचे संग्रहालय आहे. जे. जे. चे विद्यार्थी दरवर्षी आपल्या कामाचे प्रदर्शन मांडतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० पासून नावाजलेली आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या भारत कला भवनातला लघुचित्रांचा संग्रह तर देशातल्या उत्तम संग्रहांपैकी आहे. या ठिकाणी जा आणि जे मांडलेले नाही त्याचीही चौकशी करा. एखादे चित्र अभ्यासासाठी बघता येईल का, असा रीतसर अर्ज द्या. लगेच होकार मिळेलच असे नाही, पण मागणी नोंदली जाते. सामान्य माणसे कोठारातली चित्रे मागू लागली, की ती दाखवण्याची सोय करणे संस्थांनाही भाग पडते. विद्यापीठांचे संग्रह समाजाचे आहेत. ते बघायला मागणे हा आपला हक्क आहे आणि तो आपण बजावला पाहिजे.