ब्रह्मगिरी पर्वत : पाषाण, पाणी आणि दोन सागर

जव्हार-मोखाड्याकडून घाट चढून श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या भाविकांना सर्वप्रथम दर्शन घडते ते ब्रह्मगिरीच्या कातळकड्याचे. सह्याद्रीच्या या पर्वताची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२४८ फूट आहे. सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष व ईशान ही त्याची पाच शिखरे भगवान शंकराची पंचमुखे मानली जातात.

पाषाण

चुनखडीच्या पर्वतात पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी खडक हळूहळू विरघळवते, त्यामुळे लांबच लांब गुहा तयार होतात. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून तेथे लिंगासारखे आकारही घडतात. ब्रह्मगिरीची घडण मात्र निराळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वारंवार बाहेर पडला व त्याचे थरावर थर साचले. त्यापासून बनलेला काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, पाण्यात विरघळत नाही. कठीण थरांचे उभे कडे उरले आणि मृदू थर झिजून त्यांच्या पायऱ्या झाल्या. गंगाद्वाराजवळील १०८ शिवलिंगे निसर्गाने घडविलेली नसून मानवी हातांनी याच खडकात कोरलेली आहेत.

उगम

गौतम ऋषींच्या तपश्चर्येने प्रसन्न होऊन शंकरांनी आपल्या जटेतील गंगा या पर्वतावर सोडली, अशी पुराणकथा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने, माथ्यावर पडलेले पाणी कातळाच्या भेगांतून खाली मुरते. ज्या थरातून ते पुढे झिरपू शकत नाही, तेथे ते झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. गंगाद्वार व कुशावर्त येथे स्नान-आचमन करताना भाविकांनी या दोन्ही गोष्टी स्मराव्यात.

गोदावरी पूर्वेकडे वाहत जाऊन सुमारे १,४६५ कि.मी.चा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. वास्तविक अरबी समुद्र येथून सरळ रेषेत अवघा ८० कि.मी.च्या आसपास आहे. त्या समुद्राकडे जाणारी वैतरणा याच पर्वतपरिसरातून निघून मोखाडा तालुक्यातून वाहते. एकाच डोंगरावर शेजारी पडलेले दोन थेंब अशा रीतीने दोन सागरांस जाऊन मिळतात.

पाणी असूनही तहान

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दाभोसा धबधबा त्या काळात दुथडी भरून कोसळतो. वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले. त्यांचे पाणी मुंबईची तहान भागवते. तथापि, त्याच तालुक्यांतील अनेक पाड्यांवरील माताभगिनींना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. कातळ अखंड व उतार तीव्र असल्याने पाणी जमिनीत फारसे न मुरता वाहून जाते. वनराई विरळ झाली की उरलेसुरले झरेही लवकर आटतात. झाडांची मुळे व पालापाचोळा पाण्याला थोपवून धरतात आणि मुरण्यास अवधी देतात. म्हणूनच डोंगरउतारावरील झाड हे पायथ्याच्या विहिरीचे रक्षण करते.

भाविकांस विनंती

पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी व श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी येथे मोठी गर्दी होते. प्रदक्षिणेच्या मार्गावर प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या टाकू नयेत. झऱ्यांत व कुंडांत निर्माल्य, साबण वा वस्त्रे सोडू नयेत. सरपणासाठी ओली झाडे तोडू नयेत. पावसाळ्यात कडे निसरडे होतात व दरडी कोसळण्याचा संभव असतो, म्हणून पायवाट सोडून जाऊ नये.

ज्या पर्वतास भाविक शिवस्वरूप मानून प्रदक्षिणा घालतात, त्याच्या पाण्यावर घाटाखालच्या पाड्यांचे आणि सागरापर्यंतच्या नगरांचे जीवन अवलंबून आहे. ते पाणी निर्मळ राखणे हीदेखील त्या ब्रह्मगिरीची सेवाच होय.