हा गड आपला का गं, ताई?

अगं बयो, काल फोनवर तू म्हणालीस, "रायपुरात सगळं आहे, पण मुलांना दाखवायला आपला एक गड नाही." खिडकी उघडली की अजिंक्यतारा दिसायचा, अशा घरात आपण दोघी वाढलो. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात संसार मांडून मला सत्तावीस वर्षं झाली, आणि पहिली कितीतरी वर्षं मीही हेच म्हणायचे. म्हणून सांगते, या दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन चैतुरगडला जा.

लाफागडही म्हणतात त्याला. कोरबा जिल्ह्यात, पालीच्या पुढे. बिलासपूर, रतनपूर, पाली असा रस्ता. एका बाजूने साधारण २०० किलोमीटर धर. सासूबाई बरोबर असतील तर आदल्या रात्री बिलासपूरला मुक्काम कर. एका दिवसात उरकायचा हट्ट नको, परतीला मुलं पेंगतात, मोठी माणसं चिडतात आणि सगळ्यांचं तुलाच ऐकावं लागतं. तिकडे कटघोऱ्याच्या जंगलात हत्तींचा वावर असतो. पालीत चहाला थांबाल तेव्हा पुढच्या रस्त्याची चौकशी करा आणि उजेड आहे तोवर खाली उतरा.

आता डब्याचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, दहीभात, ताटल्यांसकट सगळं नेलं होतं. वर पोचलो आणि माकडं आली. डबे राखत मी दोन तास झाडाखाली बसून राहिले. घरी आल्यावर मुलाला विचारलं, "दरवाजा कसा होता रे?" आणि त्या रात्री ओट्यापाशी मला रडू आलं. मला कुणी बसवलं नव्हतं गं. सहल म्हणजे बाईने डबे सांभाळायचे, हे माझं मीच धरून चालले होते. तू दशम्या, लसणाची चटणी आणि इथला ठेठरी-खुरमीचा खाऊ एवढंच घे. गाडीत खा, वर जाताना हातात फक्त पाणी.

वर गेलीस की आधी दरवाजे बघ: मेनका, हुमकारा आणि सिंहद्वार. महिषासुरमर्दिनीचं देऊळ आहे, बारा हातांची देवी. देवीपुढे सासूबाईंना निवांत बसू दे, तू मात्र मुलांबरोबर फीर. आपल्याकडच्यासारखी सलग तटबंदी शोधशील तर सापडणार नाही. डोंगराचा उभा कडा हाच बहुतेक ठिकाणी तट; जिथे कडा कमी पडला तिथेच भिंत बांधली. मुलांना हात धरून हे दाखव. वर सपाटी केवढी आहे, आणि त्यात तळी! त्यातली काही भर उन्हाळ्यातही न आटणारी. तळ्याच्या काठी बसून मुलांना विचार, वेढा पडला असता तर माणसं इथे किती दिवस तगली असती? माझा धाकटा बोटं मोजत बसला होता. उंची ३,०६० फूट, समुद्रसपाटीपासून मोजली तर रायगडाहूनही जास्त. हे ऐकून तुझा थोरला उड्याच मारेल.

मग तो विचारेल, "हा महाराजांचा का?" माझ्या मुलानेही विचारलं होतं, आणि दमलेली मी "असेल" म्हणून मोकळी झाले. त्याने ते शाळेत जाऊन सांगितलं. त्याची बोच अजून जात नाही. तू खरं सांग. हा रतनपूरच्या कलचुरी राजांचा, पहिल्या पृथ्वीदेवाचा, अकराव्या शतकातला. महाराजांच्या कितीतरी आधीचा. आणि पुढचंही सांग. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले, कलचुरींचं राज्य गेलं. जिंकणारे आपले होते, हरणारे इथले. मग १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले रतनपुरात राहिले, रामटेकडीवर रामाचं देऊळ बांधलं. परतीला तिथे थांबा. एकाच रस्त्यावर दोन्ही बाजू बघायला मिळतात. मुलांना हे पेलतं गं, आपणच उगाच लपवतो.

आपला गड नाही म्हणतेस, पण छत्तीसगड या राज्याच्या नावातच छत्तीस आहेत. जुन्या हिशेबाने शिवनाथ नदीच्या उत्तरेचे १८ गड रतनपूरचे, दक्षिणेचे १८ रायपूरचे. लाफा त्या उत्तरेच्या अठरांतला. माझा मुलगा परवा साताऱ्याला मामाला सांगत होता, "आमच्याकडे चैतुरगड आहे, तुम्ही या." 'आमच्याकडे' म्हणाला. मी फोडणी करता करता थांबलेच.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे ये. ठेठरी-खुरमी मी तळून ठेवते, तू फक्त एक पिशवी आण. लहानच आण.