पेट्रोल गाडीचा प्लग निवडताना



कारखान्याचा पट्टा पडला की आपल्याकडची मंडळी देवदर्शनाला, नाहीतर समुद्राकडे निघतात. आम्ही वाहन विभागातले दोघे आणि दोन सभासद असे चौघेजण रेवदंड्याला गेलो होतो. गाडी आमच्या सभासद तात्यांची, तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी. बोरघाट उतरून पेण, वडखळ मागे टाकले, तोवर सगळे ठीक होते. अलिबागच्या अलीकडे कार्लेखिंडीचा चढ लागला आणि डब्यात खडे हलवावेत तसा इंजिनातून आवाज सुरू झाला. तात्या लगेच म्हणाले, "हे आपल्याच कारखान्याचं स्पिरिट! पेट्रोलमध्ये इथेनॉल घालाय लागल्यापासून गाड्यांची वाट लागली."

आसवनीच्या पैशातून उसाचे बिल घेणाऱ्या माणसाने असे म्हणावे, याचे आम्हांला वाईट वाटले. पण वाद घालण्यापेक्षा गाडी उघडून पाहावी हे बरे.

ती संधी दुसऱ्याच दिवशी आली. गाडी रात्रभर किनाऱ्याजवळच्या नारळाच्या वाडीत उभी होती. सकाळी चालू केली तर दोनच सिलिंडर चालत होते, गाडी नुसती थरथरत होती. चौलच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीने तिन्ही प्लग काढून फडक्यावर मांडले आणि म्हणाला, "काका, दोन एका घरचे नि तिसरा पाहुणा दिसतोय." दोन प्लगांवर ६ आकडा होता, तिसऱ्यावर ४. गाडीच्या पुस्तकात ६ लिहिलेला. शिवाय या पाहुण्याच्या पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा गेलेला. पाना तिरका धरून आवळला की असा तडा जातो. कोरड्या हवेत तो खपून गेला. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत त्या तड्यातून वीज बाहेरच्या बाहेर पळू लागली, आत ठिणगी पडेना.

मग तात्यांना आठवले. मागच्या वर्षी एक प्लग बदलताना दुकानदाराने "आटे बसतात ना, मग चालतंय" म्हणून हातात दिला होता. सगळी चूक इथेच होते. आटे बसले म्हणजे प्लग बसला असे नाही.

प्लगवरचा तो आकडा उष्णतेचा असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो, आणि दर वेळी त्याच्या टोकाशी आग पेटते. ही उष्णता चिनीमातीतून धातूच्या कवचात आणि तिथून इंजिनाच्या हेडमध्ये उतरायची असते. पाट लांब असला की पाणी शेताला उशिरा पोचते, तसेच आतल्या चिनीमातीचे नाक लांब असले की उष्णता उशिरा उतरते आणि टोक तापलेले राहते. तो गरम प्लग. नाक आखूड असले तर थंड प्लग. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिले पाहिजे, म्हणजे काजळी आपोआप जळते. पण ८५० अंशांच्या पलीकडे गेले तर ठिणगी पडण्याआधीच त्या तापलेल्या टोकाने पेट्रोल पेटते. कार्लेखिंडीतला आवाज त्याचाच होता. असेच दामटत राहिले तर पिस्टनला भोकसुद्धा पडते, आणि आम्हांला परत जाताना बोरघाट चढायचा होता!

आकड्याची आणखी एक गंमत आहे, ती नीट ध्यानात ठेवा. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या आजच्या प्लगवर नेमके उलटे, आकडा मोठा तितका गरम. त्याच घरच्या जुन्या मायको प्लगवर डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ असे आकडे असत, तिथे पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या डबीवर शोधू नये. गाडीच्या पुस्तकातले पूर्ण नाव कागदावर लिहून दुकानात न्यावे. उदाहरणार्थ बीपीआर६ईएस. यात बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे नाक पुढे आलेले, आर म्हणजे आत रोधक आहे, ६ उष्णतेचा आकडा, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि एस म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा. एक अक्षर चुकले तरी भोगावे लागते. आटे लांब झाले तर पिस्टन येऊन आपटेल. आर नसेल तर रेडिओ खरखरतो, आणि नव्या गाडीचा संगणकही गोंधळतो.

योग्य नावाचे तीन प्लग अलिबागहून यायचे होते. तोवर आम्ही रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटावर बसलो. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा किल्ला दिसत होता. तिथेच इथेनॉलचा विषय पुन्हा निघाला.

तात्यांचे सगळेच चूक नव्हते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी, त्यामुळे मायलेज थोडे घटते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. ते पाणी ओढून घेते, म्हणून दमट हवेत गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. पण खडखडाटाचा आरोप मात्र उलटा आहे. इथेनॉलचे ऑक्टेन जास्त, त्यामुळे तसला आवाज कमी व्हायला मदतच होते. देशात २००३ साली ५ टक्क्यांपासून मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. एवढ्यासाठी प्लग बदलायची गरज नाही, पुस्तकातलाच घ्यावा.

ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे आपले हात प्लगवर बसले ते राजदूत आणि लुनावर, पॉलिश पेपरने घासण्यात. ती सवय आता सोडा. इरिडियमच्या प्लगचे टोक सुईसारखे बारीक असते, घासले की संपले. इरिडियम महाग, पण लाख किलोमीटरच्या आसपास टिकतो. साधा निकेलचा २० ते ४० हजार. रोज बाजार-शाळा करणाऱ्या गाडीला पुस्तकाने साधा सांगितला असेल तर साधाच पुरे. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जोर जास्त लागतो, तिथे लवकर बदलावे. आणि बदलायचे तर सगळे एकदम.

बसवताना इंजिन गार असू द्या. आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग वायसर असलेला नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळा. जोर दाखवू नका, हेड ॲल्युमिनियमचे असते. जुना प्लग काढला की त्याचा रंग पाहा. गुळाच्या ढेपेसारखा तांबूस असेल तर इंजिन खुशाल आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील पाहावे लागणार. पांढरा फटक, फोड आलेला म्हणजे तापतोय. तात्यांचा पाहुणा तसाच निघाला.

प्लग दुपारी आले. संध्याकाळी बोरघाट चढलो, आवाज नाही. तात्या खंडाळ्यापर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "स्पिरिट बरं आहे आपलं."

ते तिन्ही जुने प्लग वाहन विभागाच्या कामशाळेत ठेवले आहेत. ऊस बिलासाठी कारखान्यावर आलात की येऊन पाहा.