मोटर वर्षात दोनदा का जळली?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीतल्या ब्लोअरची 20 अश्वशक्तीची मोटर वर्षात दोनदा जळाली. रिवाइंडिंगवाला चांगला आहे. मग दोष कुठे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रिवाइंडिंगला देण्याआधी जळकी वाइंडिंग पाहिलीत का? कारण बहुधा तिथेच दिसते. एवढी मोटर साधारणपणे डेल्टा जोडणीची असते. तीनपैकी एकाच फेजच्या कॉइल्स काळ्या पडल्या असतील, तर चालू मोटरचा एक फेज गेला होता असे समजा. तिन्ही सारख्याच करपल्या असतील, तर ओव्हरलोड किंवा हवेची कोंडी.

आता स्टार्टर उघडा. माझा संशय रिलेवर आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेवर असतो. तिथून लाइनच्या प्रवाहाच्या 58 टक्केच प्रवाह जातो. म्हणजे नेमप्लेटवर 28 अँपिअर असेल, तर रिले 16 वर हवा. पुष्कळ ठिकाणी तो थेट 28 वर असतो, किंवा वारंवार ट्रिप होतो म्हणून कुणीतरी हळूच वाढवलेला. असा रिले मोटरला वाचवत नाही, तो फक्त पेटीत बसतो!

तिन्ही फेजचे व्होल्टेजही मोजा. साडेतीन टक्के असमतोलानेही वाइंडिंगची तापमानवाढ सुमारे पाव पटीने वाढते, आणि दर 10 अंश जादा उष्णतेला इन्सुलेशनचे आयुष्य अंदाजे निम्मे होते. फाउंड्रीतली वाळू कूलिंग फिन्समध्ये साचते, तीही दर आठवड्याला झाडा. बेअरिंगला ग्रीस मात्र बेताने. जास्त झाले तर तेच तापते.

रिवाइंडिंगनंतर मेगरचे आकडे तारखेसह वहीत लिहायला लागा.