निवृत्तीनंतर : मुक्काम आणि प्रवास

निवृत्तीचा विचार आपल्याकडे बहुधा निवृत्तिवेतन आणि ठेवी यांच्यापाशीच थांबतो. राहावे कोठे आणि हिंडावे कोठे, हे प्रश्न 'पुढे पाहू' म्हणून मागे पडतात. खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना तर निवृत्तीची ठरलेली तारीखच नसते. या दोन प्रश्नांना निरनिराळी मोजमापे लावली पाहिजेत. घर निवडावे ते आपला सर्वांत दुबळा दिवस डोळ्यांपुढे ठेवून. प्रवास आखावा तो सर्वांत सशक्त दिवस गृहीत धरून.

प्रथम घराविषयी. आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि सीटी स्कॅनही त्याच अवधीत व्हावा लागतो. म्हणून 'वेळ आली तर नागपूर गाठू' हा हिशेब धोक्याचा होय. गाव कोणतेही असो, रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कोठे होतो आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे आधी विचारावे. शेतावरच्या टुमदार बंगल्यालाही हाच प्रश्न लागू आहे.

दुसरा मुद्दा जिन्याचा. खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड ही सोय तरुणपणी उत्तम. गुडघे कुरकुरू लागले की तोच जिना घराचा तुरुंग करतो. तिसरा मुद्दा माणसांचा. मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी कानांवर पडणाऱ्या या गावात चाळीस वर्षे 'डॉक्टरसाहेब' म्हणून वावरलेली व्यक्ती पुण्यात किंवा अमेरिकेत केवळ 'अमक्याचे वडील' उरते. मुलांजवळ जाणे गैर नव्हे. परंतु येथील घर विकण्यापूर्वी तेथे निदान सहा महिने, त्यातही तेथील सर्वांत कठीण ऋतूत, राहून पाहावे. घर मुलांच्या नावे करावयाचे असल्यास दानपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. ती पाळली न गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

आता प्रवासाविषयी. येथे क्रम महत्त्वाचा : अवघड ते आधी, सोपे ते नंतर. शासनातर्फे होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेस सत्तर वर्षांची कमाल वयोमर्यादा आहे. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास आधी तपासणी करून घ्यावी. रुग्णांना आपण हे बजावतो. स्वतःच्या बाबतीत मात्र टाळतो. दीर्घ प्रवासात अधूनमधून उठून चालावे, म्हणजे पायांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. नेहमीची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. जैनथचे लक्ष्मीनारायण मंदिर किंवा गोदावरीकाठचे बासर यांसारखी जवळची स्थळे उतारवयासाठी राखून ठेवावीत.

दवाखाना एकदम बंद करण्याऐवजी साठीनंतर दरवर्षी एक महिना प्रवासासाठी मोकळा ठेवावा. त्यामुळे रुग्णांना दुसऱ्या डॉक्टरांची सवय होते, आणि दवाखान्याबाहेरच्या दिवसांची सवय आपल्यालाही होते. ही दुसरी सवय लावून घेण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून आरंभ लवकर करावा.