मराठी पॉडकास्टला शंभर रुपये दिले, तर पोहोचतात किती?

विडी वळताना, कारखान्यातून घरी परतताना, पुण्याच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाल्यावर हात नाहीतर डोळे गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. सोलापूरकर या मोकळ्या कानांनी आता ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’, ‘थिंक बँक’ असे पॉडकास्ट ऐकतो. ऐकायला फुकट मिळतं, म्हणून ते तयारही फुकट होतं असा आपला समज. कुणी भला माणूस पैसे द्यायचं मनावर घेतो, पण दिलेल्या रकमेचा वाटेत किती चुराडा होतो हे त्याला कुणी सांगत नाही. तेवढंच इथे बघू.

यूपीआय ही सगळ्यात स्वस्त वाट. कार्यक्रमाच्या पानावर किंवा वर्णनात क्यूआर कोड दिला असेल, तर दुसरीकडे बघूच नका. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापारी शुल्क शून्य आहे, त्यामुळे शंभर दिले की शंभर पोहोचतात. कोड मात्र त्यांच्याच अधिकृत पानावरचा घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आलेला नको. स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा आणि मगच पिन टाका.

त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर पेमेंट गेटवे लावला असेल, तर रेझरपेसारख्या सेवेचा नेहमीचा दर २ टक्के, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. शंभरातले ९७ रुपये ६४ पैसे उरतात. हे ठीकच आहे. पॅट्रिऑनवर ऑगस्ट २०२५ पासून नवं पान उघडणाऱ्याकडून १० टक्के घेतले जातात, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. आपल्यासाठी ही वाट लांबची. अमेरिकेतल्या भाच्याला दरमहा काही पाठवायचं असेल तर त्याला सोयीची आहे.

आता यूट्यूब. तिथलं ‘जॉइन’चं बटण सगळ्यांच्या नजरेत भरतं आणि सगळ्यात जास्त कापतंही तेच. समजा सभासदत्व ५९ रुपयांचं आहे आणि त्यात जीएसटी धरलेला आहे. कर वजा केला की राहतात ५०. त्यातले ३० टक्के यूट्यूबचे. बोलणाऱ्याच्या हाती पडतात ३५. ‘सुपर थँक्स’लाही हाच ७०-३०चा हिशेब. आयफोनवर अ‍ॅपमधून घेतलं तर वर अ‍ॅपलचं शुल्क येतं, म्हणून आयफोनवाल्यांनी ब्राउझर उघडून सभासद व्हावं. मग सभासद व्हायचंच नाही का? व्हा, पण खास भाग, सभासदांशी गप्पा असं काही खरोखर हवं असेल तरच. नुसता हातभार लावायचा असेल तर तेच ५९ यूपीआयने द्या.

यूट्यूब प्रीमियम हा वेगळा प्रकार. ऑगस्ट २०२४ पासून एकट्यासाठी महिना १४९ रुपये, विद्यार्थ्यांना ८९, कुटुंबासाठी २९९. जाहिराती जातात, फोनचा पडदा बंद करूनही ऐकता येतं, आणि सभासदांनी कुणाचं किती पाहिलं-ऐकलं त्यावर निर्मात्यांना वाटा मिळतो. तो वाटा तुम्ही दिवसभर लावलेल्या सगळ्यांत विभागला जातो हे लक्षात असू द्या. घरात नातवंडांची बालगीतं अखंड चालू असतील, तर तुमच्या आवडत्या पॉडकास्टच्या वाट्याला चिल्लरच येणार.

पैसे न देताही वाचवता येण्यासारखी गोष्ट म्हणजे डेटा. ९६ केबीपीएसने तासभर आवाज ऐकला तर ४३ एमबीच्या आसपास जातात. तोच तास व्हिडिओ लावून फोन खिशात टाकला तर त्याच्या कितीतरी पट. ऑडिओ अ‍ॅपवर तोच भाग मिळत असेल तर तिथे ऐका.

फसगत होते ती ‘एक रुपयात सात दिवस’ छापाच्या ऑफरमध्ये. ऑडिओ अ‍ॅपची जाहिरात दिसते, एक रुपया जातो, आणि त्याच क्षणी आपण दरमहाच्या किंवा तिमाहीच्या ऑटोपेला होकार देऊन बसतो. आठव्या दिवशी मोठी रक्कम वळती झाली की माणूस हबकतो. अ‍ॅप काढून टाकल्याने ऑटोपे थांबत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो, तिथे जाऊन परवानगी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे वळते करण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. अशा वर्गणीसाठी १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे ती सूचना हाच आपला इशारा. जाहिरातींच्या मेसेजच्या गर्दीत ती हरवू देऊ नका. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड ठेवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातलं आहे. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

आता दुसरी बाजू. तुमच्या गल्लीतलाच एखादा पोरगा किंवा पोरगी पॉडकास्ट काढायचं म्हणते, आणि तुम्हाला मदत करायची आहे. रेडिओ केंद्राला परवाना लागतो. शेजारच्या माण तालुक्यातल्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी हे रेडिओ केंद्र चालतं, तेही एका संस्थेच्या बळावर. पॉडकास्टला असा परवाना लागत नाही. कॉलरला लावायचा तारेचा माइक हजाराच्या आत येतो. यूएसबी माइक साधारण तीन ते सहा हजार. दोघांच्या गप्पांसाठी दोन चांगले डायनॅमिक माइक आणि इंटरफेस म्हटलं की पंचवीस-तीस हजार सहज जातात. पहिल्याच दिवशी हे घेऊन देऊ नका. काटछाट करायला ऑडॅसिटी फुकट आहे, भाग चढवायला ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’ फुकट आहे. दहा भाग निघाले, म्हणजे नाद खरा आहे हे कळलं, की मग मोठा माइक.

खोलीवर मात्र सुरुवातीपासून लक्ष द्या. सोलापुरात यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही, माल घरातच असतो. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि महागडा माइकही डब्यात बोलल्यासारखा ऐकू येतो. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरी बांधून सोलापुरी चादर दुहेरी करून टाकायची, भिंतीला चिकटवून नाही, चार बोटं अंतर ठेवून. टर्किश टॉवेल असेल तर त्याहून बरं, कारण त्याचे उभे धागे आवाज जास्त शोषतात. माइकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं, त्यामुळे त्याच्या पाठीमागून परतणारा आवाजच सगळ्यात जास्त पकडला जातो. म्हणून चादरीची जागा तिथे. चादरीने घुमणं कमी होतं, बाहेरचा गोंगाट थांबत नाही. शहराच्या पूर्व भागात घर असेल तर मागाची खटखट नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट निघत नाही, तेव्हा माग बंद असण्याची वेळ गाठावी लागते. आणि मे महिन्यात पंखा बंद करून तासभर बोलायचं म्हणजे काय, ते सोलापूरकराला समजावायला नको. घराची शांत खोली आठवड्यातून दोन तास वापरायला दिलीत तरी ती रोख देणगीपेक्षा कमी नाही.

महिन्याचा खर्च असा मांडून बघा. दोन भाग, काटछाट करणाऱ्याला भागामागे दीड हजार, पाहुण्यांचं येणं-जाणं, चहा आणि डेटा धरून आणखी हजार: झाले चार हजार. शंभर रुपये नियमाने देणारी चाळीस माणसं मिळाली की कार्यक्रम चालतो. एकदाच दोन हजार देऊन विसरणाऱ्यापेक्षा दरमहा शंभर देणारा परवडतो, कारण पुढच्या महिन्याचं कबूल करता येतं. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर, चार हुतात्म्यांवर, कन्नड-तेलुगू-उर्दूत मिसळून बनलेल्या आपल्या बोलीवर पुण्या-मुंबईचा स्टुडिओ कधीतरी एखादा भाग करील. पाच-सहा भाग करायला इथलाच माणूस लागेल.

दुकानदारांसाठी थोडं. चादरीचं, शेंगाचटणीचं दुकान असो की क्लास, तुम्ही प्रायोजक होऊ शकता. कागदावर चार ओळी लिहून घ्या: किती भाग, नाव सुरुवातीला येणार की मध्ये, किती सेकंद, पैसे कधी. पैसे घेऊन केलेला उल्लेख जाहिरात म्हणून स्पष्ट सांगावाच लागतो, तो गप्पांच्या ओघात लपवायला सांगू नका. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या निर्मात्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून कराचं बिल आलं नाही तर बिचकू नका, साधं बिल घ्या. तुमच्या सीएला एकदा टीडीएसचं विचारा. विषय कुठले घ्यायचे यात मात्र नाक खुपसू नये.

व्हॉट्सअ‍ॅपचा एक उपद्रवही थांबवण्यासारखा आहे. आवडलेला भाग डाउनलोड करून त्याची फाइल ग्रुपवर टाकली की दोनशे जण ऐकतात, पण निर्मात्याच्या आकड्यात एकही धरला जात नाही, आणि तो प्रायोजकापुढे रिकाम्या हातांनी जातो. लिंक पाठवा. तासाभराचा भाग असेल तर ‘बाविसाव्या मिनिटापासून ऐक’ असं सोबत लिहा, नाहीतर कुणी उघडत नाही.

आणि आयकराचं: पॉडकास्ट करणाऱ्या व्यक्तीला दिलेल्या पैशांवर ८०जीची सवलत मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेलाच. मार्चअखेर पावती मागत बसू नका.