पुणे पाहायला नऊजणी

ताईंनो, या वेळचा पाठ कर्जाचा किंवा हप्त्यांचा नाही. फिरण्याचा आहे.

मला एकटीनं फिरायची सवय. पाठीला सॅक लावायची आणि मिळेल ती एसटी धरायची. सहल म्हटलं की पन्नासजणींची गाडी आणि "चला, वेळ झाली" असा आरडाओरडा डोळ्यासमोर यायचा, म्हणून मी टाळायचे. मागच्या हिवाळ्यात एका गटातल्या आठजणींसोबत एक दिवस पुण्यात गेले. मी धरून नऊ. रिक्षात तिघी बसतात, म्हणजे तीनच रिक्षा. संख्या ठरवताना एवढं बघाच.

त्यातल्या एक ताई पुण्याला कितीतरी वेळा आलेल्या, पण नवऱ्याच्या आजारपणात. स्वारगेट ते दवाखाना, तेवढंच त्यांचं पुणं. आम्ही आधी गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात गेलो. जोतीराव आणि सावित्रीबाई इथे राहायचे. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. मी हे सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "परत सांग गं." मग हळूच म्हणाल्या, "आमच्या आजीला विहिरीला हात लावू देत नव्हते. कुणीतरी वरनं ओतेपर्यंत उभी राहायची."

आठ वर्षं एका सतरंजीवर बसणाऱ्या बायका, पण हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिथे तासभर बसलो. गाडीभर माणसं असती तर ताई बोलल्याच नसत्या, आणि एकटी असते तर मी फोटो काढून निघाले असते. शनिवारवाडा मग बाहेरूनच पाहिला. कुणाला वाईट वाटलं नाही.

आता पैशाचं. गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या रकमेला हात लावू नका. वारीत दिंडीची भिशी असते, प्रत्येकजण आपला वाटा भरतो आणि त्यातून जेवणखाण चालतं. तसंच करा. महिना ५० रुपये म्हटले तरी दहा महिन्यांत एकीचे ५०० होतात. वही वेगळी, हिशेब बैठकीत वाचायचा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्या आजींना मोफत, त्यांचं आधार कार्ड सोबत घ्या. पीएमपीच्या बसला ही एसटीची सवलत चालत नाही, हे आम्हाला कंडक्टरकडून कळलं!

निघण्याआधी चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. तुळशीबागेत आमची एकजण बांगड्यांच्या दुकानात मागे राहिली आणि फोनची बॅटरी संपलेली. पण दगडूशेठ गणपतीसमोर भेटायचं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती आधीच तिथे उभी होती, सगळ्यांसाठी पेढे घेऊन.